दुसरा आकडा

मुलाची गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तरी गिअरमावशींचा जीव काही भांड्यात पडेना. टपावर गाद्या, मागच्या सीटवर डबे-बोचकी, त्यांच्या खाचेत बसवलेली नात, पुढे सून. नव्या शहरात नवी नोकरी, सोमवारी हजर व्हायचं. वाटेत डोंगर, लांबलचक चढ, आणि गाडी अशी खच्चून लादलेली.

काळजी करणं हा मावशींचा जुनाच धंदा; गॅरेज नंतरचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना पाना कुठला आणि पक्कड कुठली हेही कळत नव्हतं. मग नवऱ्याच्या हातांना कंप सुटला, बोटांत नट ठरेना. तो खुर्चीत बसून सांगायचा आणि या गाडीखाली निजून करायच्या. हळूहळू सांगणं कमी झालं, करणं वाढलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हटला की गल्लीतले मिस्त्री हात वर करत आणि गिऱ्हाइकाला इकडे धाडत. ‘गिअरमावशी’ हे नाव तिथलंच. मुलानं मात्र वेगळं नाव ठेवलं होतं: थर्मामीटर. कारण त्यांचा हात सदा कुणाच्या तरी कपाळावर, नाहीतर कुठल्यातरी इंजिनावर.

सकाळी तो आला तेव्हा गिअरबॉक्सचा दिवा पेटला होता आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नव्हती. मावशींनी स्कॅनर लावला. गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान एकशे एकतीस अंश.

“कुठून आलास?”

“घरून. आणखी कुठून?”

त्याचं घर पलीकडच्याच वस्तीत. एवढ्याशा अंतरात तेल असं तापत नाही.

“मग तापमानाचा सेन्सर खोटं बोलतोय,” मावशी म्हणाल्या. “तरी गाडी जरा निवू दे, मग बघते.”

“झालं! मागच्या वेळी माझा खोकला आडवा आला, आता गाडीचा ताप. सरळ सांग ना, जाऊ नका म्हणून.”

सून दारात उभी होती. ती नुसती नातीचे केस सारखे करत राहिली. मावशींना तेच जास्त लागलं. मागच्या खेपेला त्यांनीच रडून-भेकून मुलाला थांबवलं होतं, आणि ती नोकरी हातची गेली होती.

एरवी सेन्सरवर आळ घ्यायच्या आधी त्या गाडी थंड होऊ देत आणि पुन्हा आकडा बघत. तेल निवेल तसा आकडा उतरला तर सेन्सर खरा; तिथेच अडून बसला तर खोटा. आज तो दुसरा आकडा त्यांनी बघितलाच नाही. गिअरबॉक्सखाली हातही नेला नाही; नेला असता तर पुन्हा ‘थर्मामीटर’ झाला असता. त्यांनी सेन्सरची वायर सोडवली, सगळ्यांना चहा दिला, तेल निवल्यावर सेन्सर काढून भोकाला बूच बसवलं आणि वायरीच्या तोंडात एक छोटा रेझिस्टर खोचला. आता तेल कितीही तापो, गाडीच्या कॉम्प्युटरला ते कायम ऐंशीवरच दिसणार होतं. दिवा विझला. गाडी लोण्यासारखे गिअर बदलू लागली.

“तिकडे पोचलास की नवा सेन्सर बसवून घे.”

“बघ, जमतं की तुला न घाबरता!” मुलगा म्हणाला, आणि मावशी मूठभर मांस चढल्यासारख्या हसल्या.

आता गाडी गेली होती आणि काढलेला सेन्सर टेबलावर पडला होता. राहवेना म्हणून त्यांनी पातेल्यात पाणी तापवलं, सेन्सर त्यात सोडला आणि त्याला मीटर लावला. अशा सेन्सरचा रोध तापला की उतरतो; पाणी तापेल तसा मीटरही एका चालीनं उतरत गेला. निवेल तसा चढत गेला. कुठे अडखळला नाही, कुठे उडी मारली नाही. सेन्सर खणखणीत होता.

“अहो, तेल खरंच तापलं होतं. पण घरून इथवर येताना?”

खुर्चीतल्या नवऱ्यानं मान खाली घातली.

“काय झालं? बोला की.”

“पहाटेपासून वरच्या वस्तीत खेपा मारत होता. ट्रॉली जोडून. कपाट, फ्रिज, सगळं त्याच्या मेहुण्याकडे ठेवायला.”

“आणि मला म्हणाला, घरून?”

“म्हणाला, थर्मामीटरला सांगू नका, गाडी सोडायची नाही.”

“आणि तुम्ही गप्प बसलात!”

“मला वाटलं, तू हात लावून बघशीलच. नेहमी बघतेस.”

खोटं मुलगा बोलला होता, पण गाडी आंधळी केली होती ती मावशींनी. आता चढावर तेल करपलं तरी दिवा लागणार नव्हता, गाडी स्वतःहून बळ आवरणार नव्हती. ऐन वळणावर ती ओढायची थांबेल, नाहीतर तेल उसळून तापलेल्या सायलेन्सरवर पडेल आणि पेट घेईल. आणि मागे डब्यांच्या खाचेत नात.

“मी करतो फोन,” नवरा म्हणाला. “म्हणतो, कुठेतरी थांबून चहा घ्या. तेवढ्यात तेल निवेल. तुझं नाव कशाला यायला हवं?”

हो म्हणावंसं फार वाटलं. पण चहा पिऊन ते पुन्हा तशीच आंधळी गाडी घेऊन निघाले असते. आणि खरं सांगावं, तर मुलगा म्हणणार, झालं हिचं सुरू. सोमवार हुकला तर या वेळीही खापर त्यांच्याच डोक्यावर, आणि या वेळी ते खरंच त्यांचं असणार होतं.

मुलगा गाडी चालवताना आईचा फोन उचलत नसे. ‘सावकाश जा’ किती वेळा ऐकणार! सून उचलेल. म्हणजे सुनेलाच सांगावं लागणार, तेही आडवळणानं नाही: चढाच्या आधी गाडी बाजूला घ्या, पुढे नेऊ नका, चूक माझी आहे, मी सेन्सर घेऊन येतेय.

मावशींनी चिंधीला हात पुसले आणि सुनेचा नंबर काढला.