धुऱ्याबाहेरचा अंदाज

दवनीवाड्याच्या शिवारात माझ्या बाबांच्या नजरेला मान होता. धान निसवला की लोक त्यांना बोलवायचे. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि धानाच्या खाचराला बांधी. ते धुऱ्याधुऱ्यानं बांध्यांना एक चक्कर मारत, दोन-चार लोंब्या चिमटीत दाबून पाहत आणि गप्प राहत. उभ्या पिकासमोर अंदाज बोलायचा नाही, नजर लागते, हा त्यांचा नियम. धुरा उतरून रस्त्यावर आल्यावरच ते सांगायचे, किती खंडी होतील. आणि जवळपास तेवढंच व्हायचं. मी शाळामास्तर, शेतीत ढ, मला या नियमाचा भारी राग येई.

मग बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला. इंजेक्शनं चालू होती. औषधाचा कितपत उपयोग होतोय ते पाहायला नागपूरच्या डॉक्टरांनी पूर्ण शरीराचा एमआरआय करायला लावला. पेरणी तोंडावर आली होती. रिपोर्ट दाखवायला जाताना गाडीत बाबा म्हणाले, "मले एकच पुसाचं आहे. औंदा हलका धान लावू का भारी?" हलका दसऱ्याच्या सुमारास कापायला येतो, भारी दिवाळीनंतर. बाबांचा जीव भारी धानावर.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र उघडलं आणि मी थक्क झालो. डोक्यापासून पायापर्यंत अख्खे बाबा तिथं होते, कातडीच्या आतले. ज्या पाठीवर बसून मी लहानपणी चिखल ओलांडला, तिचा मणका न् मणका दिसत होता. पाठीत, कमरेत, मांडीच्या हाडांत पांढरे ठिपके चमकत होते.

बाबांचा चेहरा खुलला. "वा! दाने तं चांगले भरून राहिले."

डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, जिथं चमकते ना, तिथं बीमारी आहे."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा नीट पाहिलं. "मंग हा तुडतुडा आहे. एका कोपऱ्यातून लागला आन साऱ्या बांधीत पसरला."

डॉक्टरांनी मान डोलावली. रोग किती हाडांत आहे, औषधानंतरही किती जिवंत आहे, यावरून तो पुढं कसा चालेल याचा अंदाज येतो, म्हणाले. बाबा जन्मभर धानाकडे पाहून जे करत आले, तेच हा माणूस बाबांकडे पाहून करत होता.

ते पुढं बोलणार तोच बाबा पडद्याकडे बोट करून उठले. "याच्यासमोर नोका सांगू, साहेब. बाहेर चला."

"काऊन?" मी चिडलो.

"उभ्या पिकासमोर बोलत नाही."

मला वाटलं, डॉक्टर हसतील. ते मुकाट्यानं व्हरांड्यात आले. बाबांनी आपला प्रश्न विचारला, हलका कधी आणि भारी कधी तेही समजावलं. डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले.

"पक्कं कोणीच सांगू शकत नाही, काका. दवा बदलून पाहू. पण... हलका लावा."

मला रडू आवरेना. बाबांनी मात्र डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "नजर चांगली आहे तुमची."

गोंदियात उतरल्यावर त्यांनी बियाण्याच्या दोन थैल्या घेतल्या, एक हलक्याची, एक भारीची.

"आता भारी कायले?" मी विचारलं. "डॉक्टर काय म्हनले?"

"हलका माजा," बाबा म्हणाले. "भारी तू कापजो."