ताई, एमबीएचा फायदा काय?

जाम गावच्या चौरस्त्यावर आम्ही नागपूरच्या एसटीची वाट पाहत उभ्या होतो. मी, आई आणि आईच्या कडेवर माझी चार वर्षांची सई. नागपूरहून पुढं मला पुण्याची गाडी धरायची होती. नवरा अपघातात गेल्यावर मी हिंगणघाटच्या एका विमा कचेरीत काउंटरवर बसायची, आणि जन्मभर तिथंच बसले असते. पुण्यात एमबीएला नंबर लागला तेव्हा गिरडमध्ये, माझ्या माहेरच्या गावात, जो तो विचारायचा, लेकरू टाकून आता काऊन चालली? एसटी आली तेव्हा आई मला एवढंच म्हणाली, "पोरीले मी पाहतो. तू रडू नको, थे पाहून राह्यली."

मी रडले नाही. गाडी सुटल्यावरही नाही. त्याचं मला अजून नवल वाटतं.

वर्गातली मुलं माझ्याहून कितीतरी लहान, फाडफाड इंग्रजी बोलणारी. ताळेबंद मला पटकन उमगायचा, पण ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडायला अख्खं पहिलं सेमिस्टर गेलं. दिवाळीत घरी आले तर सईनं पाण्याचा पेला आणून पाहुण्यासारखा माझ्यापुढं ठेवला आणि आजीच्या पदराआड जाऊन उभी राहिली. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढं नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, पुण्यात फ्लॅट झाला. सई दहा वर्षांची झाल्यावर तिला घेऊन आले. शाळेत "मले, तुले" म्हटलं की मुलं हसायची. थोड्याच दिवसांत तिनं शाळेची भाषा वेगळी केली आणि घरची वेगळी. मी ऑफिसातून येते तेव्हा टार्गेट आणि रिव्ह्यूनं पार पिळून निघालेली असते. जेवताना ती ताटाकडं बघत थांबते, माझा कॉल संपायची वाट पाहत.

आपल्या तालुक्यातल्या मुली फोन करतात. ताई, एमबीएचा फायदा काय? आधी मी पगार सांगायची. आता सांगते, सासरी राहू की माहेरी, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर माझ्या मामाशी न बोलता माझ्याशी बोलले. मीटिंगमध्ये माझं वाक्य कोणी मध्येच तोडत नाही. आणि हेही सांगते की बाई, मी फार थकलेय. हे वाचणाऱ्या, गावाबाहेर पडलेल्या तुम्ही सगळ्या असंच सांगत असाल, निदान एकमेकींना.

गेल्या महिन्यात मी साहेबांकडे नागपूरची शाखा मागितली. पद एक पायरी खाली. त्यांना पटलं नाही. पण त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मला नागपुरात दुसरीकडे काम मिळालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. काउंटरवर असते तर तोंडातून शब्द निघाला नसता. बदली झाली.

सईला सांगितलं तर तिनं विचारलं, "म्हंजे आता रोज घरी जाता येईन?"

घरी म्हणजे गिरडला. पूर्वी मी तिला दुरुस्त करायची, अगं, आपलं घर हे. आता नाही करत. रोज नाही, शनिवारी जाऊ, म्हटलं.

मग ती म्हणाली, "तू पण येशीन ना?"

येईन, म्हटलं. माझ्या लेकीनं मला घरी बोलावलं होतं.