वाळूची पिशवी

जुन्या कंबरदुखीसाठी मी दुपारी फिजिओथेरपीला जाते. तिथे माझ्या शेजारी एक काकू व्यायाम करतात आणि काका भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत असतात. काकूंची कंबर धरली तेव्हापासून काकांनी त्यांना घरात काही जड उचलू दिलेलं नाही.

काल थेरपिस्ट मुलीनं काकूंसमोर वाळूची छोटी पिशवी ठेवली.

"काकू, आज ही उचलायची. गुडघ्यातून वाका. कमरेत थोडा ताण जाणवेल, घाबरू नका."

काकू वाकल्या मात्र, काका खुर्चीवरून उठले. त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले.

"राहू द्या," काकू हळूच म्हणाल्या. "मला उचलून बघू द्या."

काकांचे हात तसेच हवेत राहिले. माझ्या हातातला रबरी पट्टाही ताणलेलाच राहिला. खिडकीतलं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि त्या उन्हात सगळं फार संथ चाललंय असं वाटत होतं. दुखणं एकाच्याच कमरेत असतं, पण त्याची सवय दोघांना लागते. एक वाकायचं विसरतं, दुसरं हात मागे घ्यायचं. ओझं पेलून स्नायू पुन्हा बळकट होतात म्हणे. मायेला मात्र ओझं दुसऱ्याच्या हाती राहू देण्याचा सराव करावा लागत असेल, आणि तो अधिक अवघड असेल.

पिशवी जमिनीवरून वर आली. काकू सावकाश सरळ झाल्या.

"जड आहे का गं?" काकांनी विचारलं.

"आहे ना," काकू हसून म्हणाल्या, आणि पिशवी छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.