उत्तर कोणत्या ओळीत आहे?

जमुनाचा पेपर तपासून मी तिच्यासमोर ठेवला. उताऱ्यावर दहापैकी दोन. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. भंडाऱ्याची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

आधी परीक्षा कसली ते सांगते. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बालवाडीत शिकवायला बाया घ्यायच्या होत्या. सातवी पास पाहिजे आणि एक लेखी पेपर. पेपरात सगळ्यात जास्त मार्क उताऱ्याला. उतारा म्हणजे पानभर मजकूर छापलेला असतो आणि खाली त्याच्यावरचेच प्रश्न. वाचायचं आणि लिहायचं. दिसायला सोपं, म्हणून लोक त्यातच पडतात. वयाची अट होती आणि जमुना त्या अटीच्या काठावर उभी होती. पुढच्या वर्षी तिला अर्जसुद्धा भरता आला नसता. नवरा गावच्या तलावात मासेमारी करायचा, ती टोपली घेऊन मोहाडीच्या बाजारात बसायची. "बाई, मले लेकरायले शिकवाचं आहे. मासे तर सारेच इकतात," असं मला एकदा म्हणाली होती.

मी तेव्हा मोहाडीला प्रौढशिक्षणाचा बायकांचा वर्ग घ्यायची, दुपारी दोन ते चार. जमुनासारख्या सातवी झालेल्या बायाही परीक्षेच्या तयारीला तिथेच यायच्या. मी काही ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली. सातवी, मॅट्रिक, सगळं घरी बसून, बाहेरून दिलं. मला कोणी शिकवलं नाही, म्हणून शिकताना माणूस कुठे अडतो ते मला बरोबर कळतं, हे मी आजही छातीठोक सांगते.

पण जमुनाचं काही कळेना. वाचन तिचं स्वच्छ. अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं. आगगाडीवरचा उतारा दिला, दहापैकी आठ. दीपगृहावरचा दिला, जे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, तर नऊ. मी म्हटलं, आता हिच्या ओळखीचा देते, पैकीच्या पैकी घेईल. जुन्या क्रमिक पुस्तकातून मासेमारीवरचा शोधून काढला. आणि त्यात मिळाले दोन.

त्याच दिवशी आमचे सुपरवायझर बोरकर साहेब व्हिजिटला आले. पेपर पाहिला.

"बाई, हिचं वाचन कच्चं आहे. गाईड आणा. पन्नास उतारे पाठ करवून घ्या."

"साहेब, एक्कावन्नावा आला तर?"

"मग तिचं नशीब."

साहेब सायकल काढून निघून गेले. मी जमुनाला जवळ बसवलं. प्रश्न होता, कोळी होडी घेऊन केव्हा निघतात? तिनं लिहिलं होतं, पहाटे, पाणी गार असते तेव्हा.

"हे कोणत्या ओळीत आहे?"

"ओळीत नाही जी. आमच्या तलावात आहे."

"मी तलावाचं विचारलं का तुले?"

"मंग कोणाचं? मासे आमी धरतो, का पुस्तकवाला धरते?"

बाकीच्या बाया हसल्या. मी तिला उतारा मोठ्यानं वाचायला लावला. सहाव्या ओळीत छापलं होतं, भरतीची वेळ पाहून कोळी निघतात. ते समुद्राकाठचे कोळी. आमच्या तलावाला कुठची भरती?

"हे वाचलं नव्हतं का?"

"वाचलं ना." ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "पण वाचून राहिली होती तवा डोळ्यासमोर आपलाच तलाव होता."

तिथे मला सापडलं. दीपगृह माहीत नव्हतं, म्हणून ती शब्द न् शब्द वाचायची. मासे माहीत होते, तर वाचतच नव्हती. नजर कागदावर फिरवायची आणि मनातलं लिहायची. चूक माझीही होती. ओळखीचा तो सोपा, असं मी धरून चालले होते.

मग रीतच बदलली. आधी प्रश्न वाचायचे, उतारा नंतर. प्रश्नात कोण, कुठे, केव्हा, कशानं, जे विचारलं असेल त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. उतारा वाचताना उत्तर दिसलं की तिथेच समासात प्रश्नाचा नंबर. आणि वहीत प्रत्येक उत्तरापुढे ओळीचा नंबर लिहायचा. नंबर नसेल तर उत्तर कितीही खरं असो, मी काट मारणार. 'का' विचारलं असेल तर बहुधा दोन ओळी जोडाव्या लागतात, तर दोन नंबर. आगगाडी आणि दीपगृह बंद. रोज बाजार, तलाव, गाय, लेकरं. जे तिला येत होतं तेच.

पहिले आठ दिवस नुसती भांडली.

"खोटं छापलं आहे बाई. गाय अशी नाही करत."

"गायीचं गोठ्यात पाहू. ओळ सांग."

पंधराव्या दिवशी तिला नऊ मिळाले. साहेबांना पेपर दाखवला. "बघू," म्हणाले.

परीक्षेला मी तिच्यासोबत एस.टी.नं भंडाऱ्याला गेले आणि बाहेर झाडाखाली बसून राहिले. पेपर सुटला. उतारा निघाला कोकणातल्या धानशेतीवर. आणि परीक्षेला आलेल्या अर्ध्याअधिक बाया धानाच्या गावच्या.

"तिसऱ्याचं काय लिवलं वो?" कोंढा गावची एक बाई विचारत होती. "रोपं टाकाच्या आधी जमिनीची तयारी कशी करतात?"

"शेणखत टाकून नांगरते, आणखी काय?" दुसरी म्हणाली.

जमुना हळूच बोलली, "मी लिवलं, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात."

"भाजतात? वांगं आहे का ते?" कोंढ्याची बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. "कधी बांधीत उतरली का नाही वो तू?"

जमुना दरवर्षी लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायची. तिचा चेहराच उतरला. एस.टी.त बसल्याबरोबर तिनं विचारलं.

"बाई, मी येड्यावानी लिवलं काय जी? जमीन कोणी भाजते का?"

"ओळ कोणती?"

"चवथी. दोनदा मोजली."

"मग झालं."

खरं सांगते, जमीन भाजतात हे मलाही ठाऊक नव्हतं. कोकणात रोपं टाकायची जागा पाला, शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. पण चौथ्या ओळीत आहे म्हटल्यावर मी निर्धास्त होते.

महिन्याभरानं यादी लागली. त्यात जमुनाचं नाव होतं. बालवाडी तिला तिच्याच गावची मिळाली.

बोरकर साहेब ऑफिसातून चौकशी करून आले. "बाई, त्या तिसऱ्या प्रश्नानं पुष्कळ बायांचे मार्क नेले म्हणतात. आणि गेले ते धानाच्या गावच्यांचेच."

"शहरातल्या बायांना आला का?"

"आला ना. त्यांना धान कुठे माहीत आहे?"

साहेबांनी मग ओळीच्या नंबराची रीत बाकीच्या केंद्रांना लिहून पाठवली. माझं नाव घालायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

पुढे माझ्या वर्गातून किती बाया परीक्षांना बसल्या. त्यांना निघताना मी एवढंच सांगायची. अनोळखी उतारा आला तर घाबरू नका, तो तुम्ही नीट वाचालच. आपल्या घरचा आला, तर मात्र घाबरा.