धुतलेली टेप

मी लिहिणारा नाही. मला ड्रॉइंग येतं, तेही कॉम्प्युटरवर. चूक झाली की बटण दाबून मागे जायची सवय लागलेल्या हाताला वाक्यं लिहिणं जड जातं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, त्यामुळे कसं लिहायचं हे विचारायलाही कुणी नाही. हे धाडसच आहे, माफ करा. जे झालं ते मी कॉलेजच्या फॉर्मवर दोन ओळींत लिहिलं होतं. त्या दोन ओळी कुणालाच नको होत्या. म्हणून इथे सगळं लिहितो.

एका बाईंनी माझी टेप नळाखाली धरून धुतली.

मापं घ्यायची टेप. पाच मीटरची, पिवळी. फर्निचर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला सहा महिने कुठल्यातरी स्टुडिओत काम करावं लागतं. त्याचं सर्टिफिकेट आणलं तरच पास. मला जागा मिळाली त्या संध्याकाळी बाबांनी ही टेप आणली. बाबा इथे बडोद्यात, प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. "टेप दुसऱ्याची वापरायची नाही," एवढंच म्हणाले.

स्टुडिओच्या सरांनी मला एका मराठी घरी पाठवलं. देवाच्या खोलीत बसवायला लाकडी देवघर करायचं होतं. दार त्या घरच्या काकूंनी उघडलं. मी मराठीत बोललो तशा त्या खूश झाल्या.

"अगंबाई, मराठी का तू! बडोद्यात हल्ली कामाला मराठी मुलगा मिळतो कुठे? बैस, बैस."

चिवडा आला. त्यांचे आजेसासरे संस्थानच्या महसूल खात्यात मोठे अधिकारी होते, हे कळलं. भिंतीवर पगडीवाला फोटो होता. मी अवघडून चिवडा खात होतो.

"आडनाव काय म्हणालास?"

मी सांगितलं.

"म्हणजे मूळचे कुठले?"

"आजोबा जळगावकडून आले. रेल्वेत होते."

"हं. आणि तुमच्याकडे देव कुठले?"

"आम्ही बौद्ध."

"हो का? छान असतं हो तुमचं. शांत."

मग त्या उठल्या. मीही उठलो. देवाची खोली समोरच होती. मी चप्पल बाहेर काढली होती, हातपाय धुऊन घेऊ का असंही विचारणार होतो. तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला.

"तू इथेच थांब हं. आतलं माप समीर घेईल. टेप दे तुझी."

समीर म्हणजे त्यांचा मुलगा, चाळिशीचा. मी टेप दिली. काकू ती घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. नळाचा आवाज आला. टेप हातभर बाहेर ओढून त्यांनी दोन्ही बाजूंनी चोळली. मेथीची जुडी धुवावी तशी. फडक्याने पुसली. रागाने नाही. सवयीने. मला दिसेल असं दार उघडंच होतं. ते लावावं असंही त्यांना वाटलं नाही.

मी उंबऱ्याबाहेर वही घेऊन उभा राहिलो. आतून समीरदादा आकडे सांगत होते.

"रुंदी चार फूट अडीच."

त्यांनी टेप छातीच्या उंचीवर धरली होती. खाली भिंतीला टेकून पाट रचलेले, सतरंजीची घडी. भिंतीचा पाय दिसत नव्हता. मी म्हणालो, "दादा, खाली जमिनीपाशीही एकदा घ्या ना. भिंतीला फरशीची पट्टी असते, ती आत येते."

"अरे बाबा, इंजिनिअर आहे मी. लिही तू. चार फूट अडीच."

लिहिलं. टेप परत मिळाली, ओली. आणि मी काय म्हणालो? मी "थँक्यू" म्हणालो.

किळस येते ती त्या शब्दाची. नळाची येते, फडक्याची येते, त्या गोड आवाजाची येते. पण रात्रंदिवस चिकटून राहिला तो माझा थँक्यू. चिवड्याचं तेल बोटांना होतं, ते मी बसस्टॉपपर्यंत पँटला पुसत राहिलो.

या शहरात एका मोठ्या शिकलेल्या माणसाला जातीवरून राहायला खोली मिळाली नाही, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी तिला जुनी गोष्ट समजत होतो.

घरी काही बोललो नाही. टेपच्या आत पाणी गेलं होतं. चार दिवसांत पहिल्या इंचांवर तांबूस ठिपके आले, आणि ती आत जाताना करकरायला लागली. बाबांनी विचारलं, "भिजली कुठे?" मी म्हणालो, "पावसात." मार्च महिना होता. बाबा कारखान्यातलं तेल आणून पुसत बसले.

मी देवघर काढलं. मनापासून काढलं, हेही कबूल करतो. दोन खांब, वर कमान, जाळीची दारं. वातींसाठी लहान खण, तेलाच्या बाटलीसाठी उंच खण, नैवेद्याचं ताट ठेवायला बाहेर सरकणारी फळी. पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मूर्ती यावी म्हणून घरी आईला पाटावर बसवून तिच्या डोळ्यांची उंची मोजली. सर म्हणाले, मूर्ती ठेवून दाखव, क्लायंटला आवडतं. सॉफ्टवेअरमध्ये तयार गणपती मिळतो. मी तो आणून ठेवला. तोंड भिंतीकडे होतं. माउसने फिरवून समोर केलं. स्क्रीनवर मी त्या खोलीत शंभर वेळा आत गेलो. छतापाशी गेलो, मूर्तीच्या मागे गेलो, प्रत्येक खणात डोकावलो. कुणी थांबवलं नाही.

काकू चित्र बघायला स्टुडिओत आल्या तेव्हा हात जोडून म्हणाल्या, "किती प्रसन्न! कुणी केलं हो?"

सर म्हणाले, "हमारी टीमने." मी तिथेच कॉम्प्युटरपाशी बसलो होतो. काकूंनी मान वळवली नाही.

देवघर बनलं. बसवायचा दिवस मुहूर्ताचा. दहा वाजता सरांचा फोन, ताबडतोब ये. गेलो. हॉलमध्ये पंधरा-वीस पाहुणे, गुरुजी सोवळं नेसून बसलेले. देवघर खोलीच्या भिंतींमध्ये अर्धं जाऊन अडकलेलं. आमचे सुतार कांतिकाका घामाने निथळत आत गुडघ्यांवर बसले होते.

"नीचे पट्टी नडे छे," ते म्हणाले. "माप उपरथी लीधुं छे."

माप वरून घेतलेलं, आणि खाली आड येणारी पट्टी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच. पाट उचलल्यावर दिसली.

"या मुलाने माप चुकवलं," काकू पाहुण्यांना म्हणाल्या. "आजच्या दिवशी! लक्ष कुठे असतं यांचं?"

समीरदादा मोबाइल बघत होते.

सरांनी मला बाजूला घेतलं. "जो दीकरा, क्लायंट छे. सॉरी कही दे, वात पती जाय, विषय संपला. तुझ्या सर्टिफिकेटवर सही मलाच करायचीय ना?"

मी सॉरी म्हणणार होतो. खरं सांगतो. शब्द तोंडात आला होता. सहा महिने, पासचा कागद, बाबांचा चेहरा, सगळं त्या एका शब्दाने वाचत होतं. मी काकूंकडे वळलो आणि मला कांतिकाकांची टेप दिसली.

ती त्यांच्या कमरेला होती. कळकट, फेव्हिकॉलचे डाग पडलेली, त्यांच्या घामाने ओली. त्यांनी ती काढली, देवाच्या खोलीच्या फरशीवर ओढली, पुन्हा मोजलं, पुन्हा कमरेला लावली. सकाळपासून हेच चाललं असणार. कुणी ती मागितली नव्हती. कुणी नळ सोडला नव्हता.

म्हणजे प्रश्न आंघोळीचा नव्हता. धुळीचा नव्हता.

मी म्हणालो, "काकू, माप मी घेतलं नाही. समीरदादांनी घेतलं. मला तुम्ही आत येऊ दिलं नाहीत."

"अरे, देवाची खोली आहे. बाहेरून आलेली माणसं..."

"कांतिकाका पण बाहेरून आलेत. त्यांची टेप धुतलीत का?"

गुरुजींनी पळी तांब्यात ठेवली, तिचा आवाज आला.

"आमच्याकडे असलं काही नाही हं," काकू म्हणाल्या. आवाज अजून गोडच. "उलट चिवडा दिला होता मी याला."

"दिला होता. आणि टेप धुतली होती."

"समीर, सांग रे याला!"

समीरदादा म्हणाले, "जाऊ दे ना आई. चालत राहतं." कुणाला उद्देशून, ते मला आजही कळलेलं नाही.

सर बाहेर येऊन म्हणाले, सही विसर. मी जिना उतरलो. मागून कांतिकाका आले, पाणी प्यायच्या निमित्ताने. माझ्याकडे न बघता स्वतःची टेप काढून त्यांनी बघितली. त्यांनाही ती पहिल्यांदाच दिसत असावी. वर गेले.

घरी त्या दिवशी सगळं सांगितलं. बाबांनी खुंटीवरची टेप काढली, तांबूस ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "मार्चमधला पाऊस." मग म्हणाले, "सॉरी म्हणाला नाहीस ना?"

"नाही."

"बरं."

कॉलेजात फॉर्म भरायचा होता. काम अपुरं राहण्याचं कारण. आमच्या विभागाच्या मॅडम चांगल्या आहेत, मला उभं केलं नाही, खुर्ची दिली. म्हणाल्या, "घरगुती अडचण लिही. मी बघते पुढचं. हे असलं लिहिलंस तर कमिटीसमोर जाईल." मी लिहिलं: ग्राहकाने माझ्या जातीमुळे मला खोलीत येऊन माप घेऊ दिलं नाही. दुसऱ्याने घेतलेल्या चुकीच्या मापाची माफी मागायला मी नकार दिला.

मॅडमनी दोनदा वाचलं. खोडायला पेन पुढे केलं. मी ते त्यांच्या टेबलावर ठेवलं.

कमिटीला तीन आठवडे लागले. मधे कांतिकाकांचा फोन आला. पट्टी कटरने कापली, देवघर बसलं, बरोबर बसलं. काकू रोज त्याच्यासमोर बसतात. मूर्ती डोळ्यांच्या रेषेत आहे. माझ्या आईच्या डोळ्यांच्या.

मी आता दुसरा स्टुडिओ शोधतोय. टेप तीच आहे, करकरते. यापुढे पहिल्याच दिवशी सांगणार आहे: ज्या खोलीत मला जाऊ देणार नाहीत, त्या खोलीची एक रेघही मी काढणार नाही. आणि कारण विचारलं तर कारणही सांगणार आहे, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

काल दुपारी कॉलेजचा मेसेज आला. दिलेलं कारण ग्राह्य धरता येत नाही. सहा महिने पुन्हा करावे लागतील.