जसा फोटो तसा चेहरा

कंपनी आम्हाला पार्टनर म्हणते. परभणीत हॉटेलातलं जेवण घरोघर पोचवणारे आम्ही सगळे पार्टनर. कशातले पार्टनर, ते मला अजून उमगलेलं नाही. गाडी माझी, पेट्रोल माझं, पंक्चर माझं, मे महिन्यातलं ऊनही माझंच. एका फेरीला किती द्यायचे ते मात्र कंपनी ठरवणार, आणि मनात आलं की बदलणार. अंगातला कंपनीचा टी-शर्टसुद्धा पहिल्या कमाईतून कापून घेतलेला. इतकी सोयीची पार्टनरशिप मी कुठं पाहिली नाही.

कामाला लागलो तेव्हा मोबाईलवर करार आला होता. बोटाने वर सरकवत राहिलो तरी संपेना. भरती करून घेणारा टीम लीडर म्हणाला, "वाचू नको रे, कुनीच वाचत न्हाई. खाली जाऊन मान्य म्हन." मी मान्य म्हटलं. मग त्याने भिंतीला उभं करून माझा फोटो काढला. त्या फोटोत मला मिशी आहे. भरदार, दोन्ही टोकांना जरा वर वळलेली. परभणीत आता बिनमिशीचे पुष्कळ फिरतात, पण पेडगावला आमच्या भावकीत तसं नाही. आमच्याकडे मिशी एकदा आली की ती उतरते फक्त आई-बाप गेले की, त्यांना द्यायला. म्हणून तिचा थाटही मी जरा जास्तच ठेवायचो. बायको त्यावरून चिडवायची.

रोज सकाळी काम सुरू करताना मोबाईल चेहरा मागतो. गोलात तोंड धरायचं, पापणी मिटायची, हिरवी खूण आली की ऑर्डरी सुरू. दुसऱ्याच्या नावावर कोणी गाडी चालवू नये म्हणून ही तपासणी, असं सांगतात. ठीक आहे, माझी तक्रार नव्हती. चेहरा माझाच होता.

वडील गेले ते पावसाळा सरता सरता. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलले त्यांनी, आणि शेवटी छातीतच दुखायला लागलं. तालुक्याला नेईपर्यंतही थांबले नाहीत. दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो, गंगेवर. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. घाटाच्या पायरीवर न्हाव्यासमोर बसलो. डोकं झालं, दाढी झाली. मिशीवर वस्तरा आणताना न्हावी थांबला आणि म्हणाला, "हल्ली ठिवत्यात काहीजन. ठिवू का?"

मागं चुलते उभे होते. त्यांनी काही म्हणायच्या आत आईच बोलली, "ठिव काय? बापाला देयाचंय त्याला. काढ."

काढली. पाण्यात वाकून पाहिलं तर दुसराच कोणीतरी दिसला. वाईट नाही वाटलं त्याचं. उलट बापासाठी आपण काहीतरी पुरतं केलं, असं वाटून मी तिथं पहिल्यांदा मोकळेपणी रडलो.

तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी परभणीला येऊन गाडीला किक मारली. आमच्या कामात रजा नावाची वस्तू नाही. काम नाही तर पैसे नाहीत, इतका सरळ मामला. घरात दुखवट्याचा खर्च झालेला. हॉटेलासमोरच्या लिंबाखाली उभं राहून मी मोबाईलपुढं तोंड धरलं. लाल खूण आली. चेहरा जुळत नाही. उजेड बदलून धरलं. जुळत नाही. टोपी काढली, चष्मा पुसला, पुन्हा धरलं. मग अक्षरं आली: तुमची आयडी दुसरी व्यक्ती वापरत असल्याचा संशय आहे, तपासणी होईपर्यंत आयडी आणि रक्कम थांबवण्यात आली आहे. रक्कम म्हणजे वडील जायच्या आधीच्या आठवड्याची कमाई. तीही अडकली.

शेजारी माझा एक दोस्त उभा होता, बरोबरच भरती झालेला. त्याचं घर बौद्ध. तो माझ्या डोक्याकडं बघून म्हणाला, "आमच्यात हे करत न्हाईत, म्हनून माझ्या ध्यानात आलं न्हाई भाऊ. न्हाईतर तुला आधीच बोललो असतो." मग त्यानेच मोबाईलमधल्या मदतीच्या खिडकीत माझ्या वतीने लिहिलं. वडील वारले, मुंडण केलं, मीच तो माणूस आहे. उत्तर लगेच आलं. आम्हाला आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, कृपया स्पष्ट उजेडात चेहरा दाखवा. मृत्यूचा दाखला पाठवतो म्हटलं. कृपया स्पष्ट उजेडात चेहरा दाखवा. आधार कार्ड पाठवलं. पुन्हा तेच. पलीकडं माणूस होता की यंत्र, देव जाणे. माणूस असेल तर त्याचा बाप जिवंत असावा.

टीम लीडरला फोन लावला. तो हसला, पण वाईट हसला. "मी आता तिथं न्हाई दादा. माझीबी आयडी बंद केली त्यांनी." स्टेशन रोडवरची, जिथं त्याने माझी भरती केली ती खोली पाहून आलो. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकायलेत.

मला त्या दिवसांत वडिलांचं सारखं आठवायचं. जिनिंगवर त्यांचा मुकादम होता, चांगला खवट माणूस. मजुरी अडवली की वडील त्याच्या दारात जाऊन ओट्यावर बसायचे. भांडायचे नाहीत, नुसते बसायचे. त्याची बायको चहा आणून द्यायची आणि आत जाऊन नवऱ्याला झापायची, मग संध्याकाळपर्यंत काही ना काही हातावर पडायचं. मुकादम काही संत नव्हता, पण त्याला दार होतं. मी कोणाच्या ओट्यावर बसू? संताप होतो माझा, अजूनही होतो. शिवी द्यावी तर समोर तोंड नाही.

मिशी यायला वेळ लागणार होता आणि किराणा थांबणार नव्हता. तेव्हा बायकोला काजळाची कल्पना सुचली. दुपारी मला दारात उजेडाला बसवून तिने हनुवटी धरली आणि काडीने एकेक केस काढावा तशी मिशी काढली. टोकं वर वळवायलाही विसरली नाही. "हालू नका हो," म्हणत स्वतःच हसायला लागली, आणि मीही. वडील गेल्यापासून घरात पहिल्यांदा कोणी हसलं. दोस्ताने मोबाईल धरला. गोलात तोंड नेलं, पापणी मिटली.

या खेपेला अक्षरं जास्त होती. ओळखीत फेरफार करण्याचा प्रयत्न आढळला. कराराच्या अमुक कलमानुसार आयडी कायमची बंद. थांबवलेल्या रकमेबद्दल एक ओळही नाही. जो करार मी वाचला नव्हता, त्यात मिशीचंही कलम निघालं. बायको हातातलं काजळ तसंच धरून उभी होती. तिला वाटलं, तिच्यामुळं झालं. मी तिला समजावलं, पण ती कितीतरी दिवस काजळ घालत नव्हती.

पुढं दोस्तानेच दुसरी वाट काढून दिली. ऑनलाइन मागवलेलं सामान पोचवणारी कंपनी. तीच तऱ्हा: पार्टनर, करार, मान्य आहे, फोटो. या वेळी करार वाचायचा म्हणून बसलो आणि दहाव्या कलमापाशी डोकं गरगरायला लागलं. फोटो मात्र झाला. डोक्यावर नुकते उगवलेले खुंट, ओठावरचे मात्र बरे दिसेनात म्हणून उतरवलेले. आयडी सुरू झाली. जीव भांड्यात पडला.

थोड्या दिवसांनी मिशीची काळी रेघ दिसायला लागली. मीही ती मुद्दाम ठेवली, हळूहळू पहिल्यासारखी करू म्हणून. आणि एका सकाळी जिंतूर रोडवर, गाडीला पोती बांधून तयार असताना, मोबाईलने लाल खूण दाखवली. समोर सलून होतं. धावत गेलो, मिशी उतरवली, आणि चेहरा धरला. हिरवी खूण.

आता खरं कारण मिशी होतं की त्या सकाळचं आभाळ, कोण सांगणार? विचारायला कोणी नाही. फोटो बदलून मागायची सोय आहे म्हणतात, पण मागितला की तपास होईपर्यंत आयडी बंद, आणि तो तपास कधी होतो ते मी एकदा पाहिलेलं आहे. दोस्त म्हणाला, "जसा फोटो तसा चेहरा ठिव भाऊ. उगं अंगावर घेऊ नको." म्हणून मी रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी मिशी काढतो. डोकंही बारीक ठेवतो. बापाचं वर्षश्राद्ध होऊन गेलं, तरी माझा चेहरा अजून दहाव्याचाच आहे.

पेडगावला गेलो की पारावरचे लोक दचकतात. "कोन गेलं रे?" असं विचारतात. कोणी नाही, कामामुळं आहे, असं सांगतो. त्यांना पटत नाही. असलं कसलं काम, जे करायला माणसाला सुतकात राहावं लागतं? मलाही ते नीट सांगता येत नाही, मग मी हसून वेळ मारून नेतो.

आईने मात्र कधी विचारलं नव्हतं. घाटावर 'काढ' म्हणणारी तीच, हे तिच्या मनात किती दिवस घर करून होतं ते मला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात सामानाची फेरी पेडगावकडं लागली म्हणून दुपारी घरी टेकलो. ती अंगणात शेंगा सोलत होती. मला भाकरी वाढली, समोर बसली, आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली,

"अजून काढायलास?"

"काढावी लागते."

"रोज?"

"रोज."

तिने शेंगा बाजूला सारल्या. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तसा.

"मग मी गेल्यावर काय देशील रे लेकरा? तुझ्याकडं तर कायच ठिवलं न्हाई त्या कंपनीवाल्यांनी."

मी ताटातली उरलेली भाकरी संपवली. गाडीवर अजून निम्मी पार्सलं होती. पाणी प्यालो, तिच्या पाया पडलो आणि निघालो.