रणजाईची हाक

अगं चिमे, ये, जरा जवळ सरक. घोडबंदर रोडवरून नौपाड्यात मावशीकडे यायला सहा महिने लागतात होय गं? ट्रॅफिकचं मला सांगू नकोस. तुझी कादंबरी वाचली. भाचीचं कौतुक आहेच, पण तुझी ती तलवारवाली एकदाही घाबरत नाही, म्हणून मलाही तिची काळजी वाटली नाही. आमच्या कोळणीची रणजाई ऐकली असतीस तर कळलं असतं.

कोळीण मासे साफ करता करता गोष्ट सांगायची, स्वतःच्या डोक्यातली. पापलेट घेतलं तर एक चकमक. कोळंबी घेतली तर सोलून होईस्तोवर अख्खा वेढा! आमच्याकडे आठवड्यातून तीनदा कोळंबी होऊ लागली ती त्यामुळे. रणजाई खाडीच्या तोंडावरचा किल्ला राखायची आणि दर्यातला राक्षस भरतीवर बसून यायचा. तलवार होती, पण खरी ताकद हाकेत. ती ऐकली की किल्ला धावून यायचा. एकदा मी विचारलं, "एवढी शूर, मग हात का कापतात तिचे?" कोयता न थांबवता म्हणाली, "गो बाय, भ्याली नाय त हाक कशाला मारंल?"

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. श्रावण होता. घरात मासे बंद, तरी मी रिकामी पिशवी घेऊन बाजारात जायची. शेजारच्या वहिनींनी गाठलंच. "श्रावणात मच्छीबाजार? काकू, तुम्हीसुद्धा?" काय सांगणार, राक्षस दरवाजाशी आलाय म्हणून?

सुकट मांडून बसलेली ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "परवा कापनार. डाक्टर बोलतो, आवाज जाईल."

"मग शेवट आत्ता सांग."

"नाय. तलवार मोडलीय, पाठीला बंद दरवाजा हाय. तिला तशीच उभी ठेवते. मंग मला परत यायलाच लागंल."

ते दिवस मी कसे काढले, मला विचार. ही आली नसती तर दोघी गेल्या असत्या.

गणपती गेल्यावर आली. गळ्याला फडकं. मी कोळंबी मागितली. ती मुकाट सोलत राहिली. शेवटची सोलून झाली. ओठ हलले, नुसती हवा आली. हात कापत होते तिचे. "राहू दे गं," मी म्हणाले. तिनं डोळे वटारले, तराजूचं पारडं उचललं आणि कोयत्याच्या मुठीनं बडवायला लागली. ठण, ठण, ठण! अख्खा बाजार वळला. पलीकडची बोंबीलवाली धावत आली, "काय झाला गो?" कोळणीनं तिच्याकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी मोठा दरवाजा उघडल्यासारखं केलं. आणि माझ्याकडे बघून हसली.

त्यानंतर दोन वर्षं होती. आता त्या जागी तिची सून बसते. सून गोष्ट सांगत नाही, भराभर सोलून मोकळी होते. रणजाईचा शेवट मला एकटीलाच ठाऊक. मी शाळा कुठे फारशी शिकले; लिहायला बसले की कागदावर नुसतं ठण ठण उमटतं. तू लिही. या रविवारीच ये. कोळंबी न सोलता आणून ठेवते.